जुन्या पत्त्यावरचा वास

वहिनीनं चार चांगले दात उपटून घेतले आणि मगच मला फोन केला. आधी केला असता तर दात तरी वाचले असते. पण आमच्या घरातल्या बायकांना, कुणीतरी मेल्याशिवाय फोन करावा असं वाटतच नाही.

"वन्सं, एक विचारू?" तिचा आवाज बोबडा येत होता. "तुमच्या त्या यंत्राला माणसाच्या आतलं बी कळतं का?"

"आतलं म्हणजे?"

"म्हणजे रोग. आत काय कुजत असलं, तर त्याचा वास हेंच्या नाकाला लागतो का?"

मी म्हटलं, ते राहू दे, तुझा आवाज का असा येतोय ते आधी सांग. तेव्हा कुठं तिनं सांगितलं. आण्णा दोन महिने तिच्याजवळ बसत नव्हता. तुला घाण येते, म्हणायचा. आधी म्हणाला अंगाला, मग म्हणाला तोंडाला. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरनं दात ठणठणीत आहेत म्हणून परत पाठवलं, तर ही बया दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडं गेली आणि ठणकतात म्हणून खोटं सांगून दाढा काढून आली.

"तरी बी म्हणत्यात वास तसाच हाय," वहिनी म्हणाली.

मी खुर्चीतून उठले. मला राग आला की आधी पायच हलायला लागतात.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, विलास चौगुले. भुदरगड तालुक्यात आमच्या गावाजवळ दुधाचं चिलिंग सेंटर आहे, तिथं त्यानं तीस वर्षं दूध पारखलं. कॅनचं झाकण उघडायचं, नाक खाली न्यायचं आणि अर्ध्या सेकंदात 'घे' नाहीतर 'परत'. तपासणीची यंत्रं आली, तरी शेवटचा शब्द आण्णाच्या नाकाचा. २०३६ सालच्या तापाच्या साथीत ते नाक गेलं. ताप उतरला, माणूस उठून बसला, पण वास म्हणून काही उरला नाही. वरण आणि गरम पाणी यात फरक कळत नाही म्हणून ताटावर बसून रडायचा.

आणि मी पुण्यात बसून नेमकं नाकच बनवत होते. नाकपुडीत नखाएवढी चकती, कानामागं कातडीखाली एक चिप, आणि तिथून मेंदूतल्या वासाच्या गाठीपर्यंत केसाहून बारीक तारा. चकती हवेतले कण चौसष्ट तऱ्हांनी मोजते. चिप त्या चौसष्ट आकड्यांचा एक ठसा करते. तारा तो ठसा मेंदूला पोचवतात. आण्णाला चाचणीत मीच घातलं. नाक बसवल्यावर पहिल्यांदा त्यानं वहिनीच्या हातातली लसणाची पाकळी हुंगली आणि भर दवाखान्यात तिच्या गळ्यात पडला. डॉक्टर, नर्स सगळे बघत होते. वहिनी लाजून लाजून बेजार. ही गोष्ट जेमतेम आठ महिन्यांपूर्वीची.

शनिवारी दुपारी मी गावात पोचले. घरात शिरले आणि डोळ्यांतून पाणीच आलं. फिनेल! अख्खं घर फिनेलनं पुसलेलं. वहिनी दारात आली ती तोंडाला पदर लावून. हात बघितले तर कोपरापर्यंत कातडी सोललेली.

"हे काय?"

"अंघोळीच्या पाण्यात थोडं टाकते," ती म्हणाली. "चार वेळा करते दिवसातनं."

"फिनेल? अंगाला? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

आण्णा सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, जेवत होता. वहिनीनं भाकरी आणली, चार हात लांब उभी राहिली, खाली वाकून ताटली जमिनीवर ठेवली आणि पायानं पुढं सरकवली. कुत्र्याला सरकवतात तशी. आणि आण्णानं डाव्या हातानं नाक दाबून उजव्या हातानं ती ओढून घेतली. दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही. सवय झालेली! मला किळस आली, आणि ती कुठल्याही वासानं नव्हे.

"आण्णा, लाज नाही वाटत?"

"तुला न्हाई कळायचं, शैले." त्यानं घास तोंडात घातला. "आंबलेल्या दुधाचं कॅन आठ दिवस उन्हात ठेवून झाकण उघडलं, तर जसा भपका येतो ना, तसा वास येतो. रोज. ही जवळ आली की आलाच. माझं नाक कधी खोटं बोललंय का? तीस वर्षांत एक कॅन तरी चुकलं का?"

"ते नाक गेलं रे. हे आम्ही बसवलेलं आहे."

"मग तुमचं नाक खोटं बोलतंय म्हण की!"

आमचं नाक खोटं बोलत असेल असं मलाही वाटत नव्हतं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण खरं ते खरं. त्या क्षणी माझ्या मनात आलं, वहिनीला एकदा कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात दाखवावं. तिचं लिव्हर तर बिघडलं नसेल?

"माझा वास कसा येतो?" मी विचारलं.

"तुझा? साबण, गाडीतल्या सीटचा वास, आणि मघाशी वडा खाल्लायस. ब्येस येतो की."

"आणि बाकी गावाचा?"

"सगळ्यांचा चांगला. सेंटरवर पोरं असत्यात, शेजारचा बाळू येतो, कुणाचं काय न्हाई. हां, स्नेहल आलेली माहेराला. चार दिवस बरी होती, मग तिला बी यायला लागला. आईचं लागलं असंल लेकीला."

स्नेहल ही त्याची मुलगी. चार दिवस चांगली आणि पाचव्या दिवशी कुजली? माणूस म्हणजे काय दूध आहे? इथं माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी टोचलं. मी लॅपटॉप काढला, आण्णाच्या कानामागं चिप वाचायचं यंत्र लावलं आणि चिपमधल्या सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या. निघताना वहिनी गाडीपर्यंत आली आणि काचेपासून लांब उभी राहून म्हणाली, "मी बरी होईन ना, वन्सं?"

सोमवारी ऑफिसात मी कुणाशी न बोलता नोंदी वाचायला बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सापडलं. इतकं सरळ होतं की हसू यावं, पण हसू आलं नाही.

हे जरा समजावून सांगते, म्हणजे घाण नेमकी कुठली ते कळेल. आमच्या नाकात दोन तऱ्हांचा कोड आहे. वरच्या कोडला मॅनेज्ड म्हणतात. वास ओळखणं, माणसं लक्षात ठेवणं हे त्याचं काम. त्याच्या दिमतीला एक झाडूवाली असते, तिला आम्ही गार्बेज कलेक्टर म्हणतो. मेमरी भरली की ती येते, नको ते फेकते आणि उरलेलं सरकवून एका कडेला नीट लावते. खालचा कोड नेटिव्ह, म्हणजे माझा. तारांना वीज देणं हे त्याचं काम. त्याला झाडूवाली नाही. त्याला फक्त पत्ता कळतो.

आता वरचा कोड मला, म्हणजे माझ्या कोडला, वासाचा ठसा देतो म्हणजे काय करतो? ठसा हातात देत नाही, त्यात वेळ जातो. तो नुसता पत्ता सांगतो, तिसऱ्या फळीवर डावीकडून दुसरा डबा. मी श्वास संपेपर्यंत, दोन-अडीच सेकंद, त्या डब्यातनं थोडं थोडं काढून मेंदूला देत राहते. पण मधेच झाडूवाली आली आणि डबे सरकवून गेली तर? वरच्या कोडला नवी जागा कळते. मला कोण सांगणार? मी आपली त्याच फळीवर हात घालते आणि जे हाताला येईल ते मेंदूला चारते. म्हणून एक नियम असतो. खालचा कोड पत्ता वापरतोय तोवर तो डबा खिळ्यानं ठोकून ठेवायचा. त्याला आम्ही पिन करणं म्हणतो. पिन केलेल्या डब्याला झाडूवाली हात लावत नाही.

आमची पिन होती. दोन महिन्यांपूर्वी ती काढली गेली. पूर्ण नाही, पण ठसा माझ्याकडं सोपवेपर्यंतच ठेवायची आणि लगेच सोडायची, असा बदल झाला. खिळे ठोकलेल्या डब्यांमुळं झाडूवालीला वळसे घालावे लागत होते आणि बॅटरी लवकर उतरत होती. बदलानंतर बॅटरी दोन तास जास्त चालली. ऑफिसात पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले होते.

पण मग घाण फक्त वहिनीचीच का? त्याचंही कारण नोंदींतच होतं. वरचा कोड प्रत्येक माणसाची एक वही ठेवतो. जितका सहवास, तितकी वही जाड. परका माणूस आला तर दोन पानं उघडायची, मेमरीला काही होत नाही. पण जिच्यासोबत जन्म काढला ती जवळ आली की भली मोठी वही उघडते, मेमरी काठोकाठ भरते आणि नेमकी त्याच श्वासाला झाडूवाली येते. वहिनीचा ठसा उचलून दुसरीकडं लावते. जुन्या जागी सरकतो तो दुसराच ठसा. दिवसातल्या सगळ्यात उग्र वासाचा एक ठसा कोड मोजपट्टी म्हणून जपून ठेवतो, तो. आण्णाचा दिवस जातो चिलिंग सेंटरवर. त्याचा सगळ्यात उग्र वास कुठला, हे सांगायला नको. स्नेहलची वही पाचव्या दिवशी पुरेशी जाड झाली. माझी कुठली होणार? मी वर्षातनं दोनदा जाते.

म्हणजे जितकं माणूस जवळचं, तितकी त्याची घाण. वा रे आमचं विज्ञान!

मी तन्मय लिमयेला हाक मारली. वरच्या कोडचा प्रमुख तो. हुशार आहे, उद्धट नाही, म्हणून जास्तच राग येतो. त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"पण शैलाताई, मला वाटलं तुम्ही ठसा लगेच स्वतःकडं उतरवून घेता."

"नाही. मी श्वासभर पत्ताच धरून ठेवते."

"ते कुठं लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलेलं. कारण ते मला माहीत आहे!"

तो दबकत म्हणाला, "म्हणूनच तपासायला तुमच्याकडं पाठवलं होतं ना."

मी नोंद उघडली. खरंच पाठवलं होतं. बदल त्याच्या फोल्डरमधला, तपासणारी मी. आमच्याकडं रीत अशी, की समोरच्याच्या बदलानं आपल्या फोल्डरमधली एकही ओळ हलली नसेल तर आत बघायचंच नाही. वरच्यांनी खाली बघायचं नाही, खालच्यांनी वर. माझ्या फोल्डरमध्ये काही हललं नव्हतं. मी एक शब्द लिहिला होता, 'ठीक'. तारीख, वेळ, माझं नाव. पाठवल्यापासून चाळीस सेकंदांत.

अख्ख्या कंपनीत एकच बाई होती जिला तो पत्ता श्वासभर धरलेला असतो हे माहीत होतं. आणि तिनं चाळीस सेकंदांत 'ठीक' म्हटलं! थू! मी बेसिनवर जाऊन तोंड धुतलं, परत धुतलं, तरी तोंडाची कडू चव काही जाईना.

मग मी तक्रारींची वही मागवली. तीनशे बारा लोक चाचणीत. पिन काढल्यापासून नऊ तक्रारी. बायकोचा वास सहन होत नाही. आईजवळ बसवत नाही. एका बाईनं लिहिलं होतं, माझ्या दीड वर्षाच्या लेकराला कडेवर घेतलं की मला मळमळतं, माझ्यात काय बिघडलंय? नऊच्या नऊ तक्रारींपुढं एकच शेरा होता, समुपदेशन सुचवले. हे वाचणारा माणूस आठवड्याला एक तक्रार वाचत होता, शेरा मारत होता आणि चहाला जात होता.

सबनीस सर आमचे संचालक. मी सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांचं ऐकणं फार गुळगुळीत असतं.

"दुरुस्ती किती दिवसांत?"

"झालीये. ठसा मी माझ्याकडं उतरवून घेते. तासाभराचं काम होतं."

"उत्तम. बॅटरी सुधारणा म्हणून सगळ्यांना पाठवून देऊ."

"आणि सांगायचं काय त्या लोकांना?"

"सांगायचं कशाला? वास आपोआप सुधारेल. त्यांना वाटेल, मन शांत झालं. समुपदेशनाचा उपयोग झाला." ते चक्क हसले. "हे बघा शैलाताई, कळवलं तर चाचणी थांबेल. तीनशे लोकांची नाकं बंद करावी लागतील. तुमच्या भावाचंसुद्धा. ते हवंय का तुम्हाला?"

"माझ्या वहिनीनं चार दात उपटलेत, सर."

"फार वाईट झालं," ते म्हणाले आणि घड्याळाकडं बघितलं.

त्या माणसाशी हात मिळवले होते मी दर दिवाळीला. मला माझा हात पुसावासा वाटला, आणि मी पुसला, त्यांच्यासमोर, ओढणीला. मग जागेवर येऊन चाचणीच्या नीतिसमितीला पत्र लिहिलं. पिन कधी निघाली, का निघाली, तपासली कुणी, 'ठीक' कुणी म्हटलं, सगळं नावानिशी. खाली सही केली. नऊ जणांना कळवा, ही विनंती दोनदा लिहिली.

समितीनं दुसऱ्याच दिवशी नऊही जणांना कळवायचा आदेश काढला आणि दुरुस्ती बसवायला परवानगी दिली. चाचणीचं पुढं काय ते ठरायचं होतं. माझं काय ते मात्र ठरलं होतं. सबनीसांनी मला घरी बसायला सांगितलं. आण्णाची दुरुस्ती करून मग बसते, म्हटलं.

बुधवारी सकाळी मी गावात. आण्णाला सोप्यात बसवलं, कानामागं तेच यंत्र लावलं. चार मिनिटांत काम झालं. मग सगळं सांगितलं, डबे, फळी, झाडूवाली, सगळं. वहिनी चौकटीला टेकून ऐकत होती.

"म्हंजे मला काय रोग न्हाई?" तिनं विचारलं.

"काही नाही. एक केससुद्धा वाकडा नाही तुझा. आमच्याच कोडची घाण होती ती, तुझ्या नावावर टाकलेली."

ती उंबऱ्यावर बसली. "आणि दात?"

मी लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला.

आण्णा उठला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो स्वतः तिच्याकडं गेला. वाकला, तिच्या डोक्याजवळ नाक नेलं, लांब श्वास घेतला, परत घेतला. आणि हुंदकाच फुटला त्याला.

"तुझाच वास हाय गं, वैजू. खोबरेल, भाकरीचं पीठ..." तो थांबला. "आणि फिनेल."

फिनेल खरंच होतं. आता नाक खरं सांगत होतं.

"यंत्राचं चुकलं, वैजू," तो रडत म्हणाला. "शैली सांगतीय न्हवं? माझ्याकडनं काय नव्हतं गं. मला खरंच यायचा वास."

वहिनीनं पदर तोंडावरनं काढला. मला वाटलं, आता हीसुद्धा रडणार, दोघं गळ्यात पडणार, आणि मी सुटणार. खोटं का बोलू, मला तेच हवं होतं.

"यायचा, मान्य," ती म्हणाली. आवाज बोबडा होता, पण शब्द न् शब्द कळत होता. "मला एक सांगा. दुधाला वास मारला की तुम्ही गवळ्याला काय विचारता?"

आण्णानं डोळे पुसले.

"म्हशीला काय झालंय, असं विचारता. कास सुजली का, चारा बदलला का, डॉक्टर आणला का. तीस वर्षं हेच विचारताय तुम्ही लोकांस्नी, घरात बसून ऐकलंय मी." तिनं हात पुढं केले, सोललेले. "दोन महिने माझ्या अंगातनं सडक्याचा वास मारत होता म्हणता. बरं. बायको आतनं सडायला लागली, असंच वाटलं ना तुम्हाला? मग एकदा तरी विचारलं का, वैजू, तुला काय होतंय? कुठं दुखतंय का? मरायला लागलीयस का तू?"

"मला किळस..." आण्णा एवढंच म्हणाला.

"व्हय. किळस यंत्रानं दिली. विचारायचं कुणी अडवलेलं?"

मी माझ्या भावाकडं बघितलं. लहानपणी मला खांद्यावर घेऊन ओढा पार करणारा भाऊ. आणि त्या आठवड्यात मला जितक्या गोष्टींची घाण वाटली होती, त्या सगळ्यांत ही सगळ्यात जवळची होती.

वहिनी आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली ती पिशवी भरून, चपला घालून. आण्णाकडं बघितलंसुद्धा नाही.

"स्नेहलकडं सोडा मला. सांगलीला."

"वैजू, अगं..." आण्णा दारापर्यंत आला.

"भाकरी टोपलीत हाय," ती म्हणाली. "सरकवून घ्या तुमची तुम्ही."

मला राहवलं नाही. अंगणातच मी तिचा हात धरला. "वहिनी, यात माझी पण चूक आहे. ती पिन काढली तेव्हा तपासायला माझ्याकडंच आली होती. मी न बघता ठीक म्हटलं. चाळीस सेकंदांत. तुला हे दुसऱ्या कुणाकडनं कळायला नको."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग हात सोडवून घेतला, पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि पुढं येऊन बसली.

"तुमचं नंतर बघते, वन्सं," ती म्हणाली. "आधी गाडी काढा."